मानेमागची शिवण

बदकांच्या डोक्यांत पेंढा भरणारी बाई म्हणून मोरॅग रेनीला दक्षिणेकडच्या गोर गावापासून ब्लफ बंदरापर्यंतचे सगळे शिकारी ओळखत होते, आणि पेंढा हा शब्द ऐकला की मोरॅगच्या कपाळाला आठी पडायची, कारण तिच्या शेडमध्ये पेंढ्याची एक काडीसुद्धा नव्हती. तिथे होती ओली माती, टाकणखाराचा डबा, चिमटे, बाकदार सुया, काचेच्या डोळ्यांचे खण आणि पिसं वाळवायला मुलीने, कर्स्टीने, शाळेत असताना वापरलेला, आता फक्त बदकांच्या कामी येणारा केस वाळवायचा पंखा. आख्खा पक्षी पंख पसरून उभा करणं तिला जमत नव्हतं असं नाही, पण तिची खरी ख्याती होती ती डोक्यांची. मान आणि डोकं, एवढंच, लाकडी पाटीवर बसवलेलं. लोक म्हणायचे की रेनीबाईच्या हातची बदकं आपण खोलीत शिरलो की बोलता बोलता थांबल्यासारखी दिसतात.

डोक्याचं काम नाजूक असतं. बदकाचं कातडं मानेवरून पायमोज्यासारखं उलटं करत आणलं की ते डोक्यापाशी अडतं, कारण मान बारीक आणि डोकं मोठं. जोर लावला तर फाटतं. म्हणून मानेमागे एक लहानशी चीर द्यायची, तिच्यातून कवटी बाहेर काढायची, मागून थोडी कापून आतून साफ करायची, डोळ्यांच्या खोबणींत माती भरून कातडं परत तिच्यावर चढवायचं आणि मग ती चीर अशी शिवायची की वर पिसं बसल्यावर शिवणाऱ्यालाही सापडू नये. मोरॅगची शिवण मात्र मोरॅगला सापडायची. ती डावखुरी होती, तिचे टाके सगळ्यांच्या उलट बाजूने झुकायचे, आणि दोरा म्हणून ती दातांच्या फटींतून फिरवायचा तो मेणाचा, पुदिन्याच्या वासाचा दोरा वापरायची. या दोऱ्यावरून नवऱ्याने तिची आयुष्यभर चेष्टा केली होती. ‘आमच्या घरात माझ्यापेक्षा बदकांच्या तोंडाला जास्त चांगला वास येतो,’ असं रॅब येईल-जाईल त्याला सांगत असे.

आता रॅब काही सांगत नव्हता. मागच्या हिवाळ्यात कुंपणाची तार ओढताना तो मेंढरांच्या कुरणात कोसळला. डोक्यात शीर फुटली होती. हेलिकॉप्टरने त्याला डनेडिनच्या इस्पितळात नेलं, डॉक्टरांनी डोकं उघडून त्याचा जीव वाचवला, आणि काही आठवड्यांनी घरी परत आला तो रॅबच्या अंगाचा, रॅबच्या हातापायांचा एक मुकाट माणूस. भरवलं तर खायचा, हात धरला तर चालायचा, खुर्चीत बसवलं तर संध्याकाळपर्यंत बसायचा. डोळे उघडे असायचे, पण ते कुठेच पोचत नसत. वाट पाहा, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि किती ते म्हणाले नव्हते.

वाट पाहण्याची मुदत कर्स्टीने आता ठरवली होती. मुलगी डनेडिनला शिकवत होती, दर पंधरवड्याला गाडी हाणत यायची आणि आईचे खाली गेलेले खांदे बघून परत जायची. इन्व्हरकार्गिलच्या एका सेवागृहात एक जागा रिकामी झाली होती. बाबाला तिथे ठेवायचं की नाही ते सोमवारी कळवायचं होतं, आणि हो म्हटलं की रॅब या घरात पुन्हा राहायला येणार नाही हे दोघींनाही न बोलता ठाऊक होतं. कर्स्टी रविवारी दुपारी येणार होती. मोरॅगने मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. फक्त तो शब्द तोंडाने काढायचा राहिला होता.

अशात मे महिन्यातला पहिला शनिवार आला, तिकडे थंडीला सुरुवात होते तेव्हाचा, म्हणजे बदकांच्या शिकारीचा मोसम उघडण्याचा दिवस. त्या दिवशी तिकडे लग्नं ठरवत नाहीत आणि शहाणी माणसं मरतही नाहीत. उजाडण्याआधीच पाणथळीच्या कडेच्या माईमाया भरल्या, म्हणजे गवताफांद्यांनी झाकलेल्या त्या लाकडी लपण्या, जिथे बाप्ये बंदुका, कुत्री आणि चहाचे थर्मास घेऊन गारठत बसतात आणि त्याला सुख म्हणतात. बार सुरू झाले. मोरॅगने रॅबला अंघोळ घालून, कपडे करून, पाणथळ दिसेल अशा खिडकीपाशी बसवलं. तीस वर्षं या दिवशी तो घरात सापडला नव्हता.

नऊच्या सुमाराला शेजारचा डुगल गमबूट आपटत शेडच्या दारात उभा राहिला. रॅब पडल्यापासून त्यांची कुरणं हाच बघत होता. चांगला माणूस, पण अखंड बडबड्या. त्याच्या मागोमाग त्याचा काळा कुत्रा जेट आत घुसायला लागला तशी मोरॅगने सुई रोखली.

‘त्याला बाहेर ठेव. मागच्या वर्षी माझं एक डोकं खाल्लंय त्याने.’

‘झालं सुरू तुझं. अगं, वर्ष होत आलं, किती वेळा सांगू? जेटने नाही खाल्लं. तो भाजलेलं मटण सोडून कशाला तोंड लावत नाही. मालकापेक्षा चोखंदळ आहे.’

‘मग काय उडून गेलं?’

‘गेलंही असेल. तुझ्या हाताखालून सुटायला कोणाला नको आहे?’ त्याने पिशवीतून पक्षी काढून टेबलावर ठेवला. ‘हे बघ काय आणलंय. चहा दे आधी.’

ती पॅरी होती. पॅराडाईज बदकाची मादी, तांबूस अंगाची, पांढऱ्याशुभ्र डोक्याची. ही बदकं जोडीने राहतात आणि जोडी सहसा मोडत नाहीत. डुगलला तिचं डोकं बायकोच्या वाढदिवसाला भिंतीवर हवं होतं. यावर त्याच्या बायकोचं मत काय असेल ते मोरॅगने विचारलं नाही. तिने चहा ओतला, कालचे चीज रोल गरम करून दिले, आणि तो खात खात सांगत असताना ती पक्षी चाचपत राहिली. छाती भरलेली होती, गळ्याच्या पिशवीत कुरणातल्या क्लोव्हर गवताची पानं हाताला लागत होती. सकाळी पोटभर चरलेली, धडधाकट मादी.

‘पण उडत विचित्र होती बघ,’ डुगल म्हणाला. ‘पॅरीच्या जोडीत बाईच जास्त ओरडते ना, आपल्यासारखंच. इथे उलटं. नर पुढे आणि एकसारखा ओरडतोय, आणि ही त्याच्या मागे, गप्प. तो वळला की ही वळणार, पण जरा उशिरा. म्हणजे कसं, तो दिसतोय म्हणून नाही, ऐकू येतोय म्हणून. सरळ माझ्या डोक्यावरून आली. एवढी मोठी माईमाई, एवढा मोठा मी, तिला काही पत्ताच नाही. मला तर वाटलं, डोळे मिटून उडतेय.’

‘तेवढ्या लांबून तुला तिचे डोळे दिसले?’

‘तेच तर म्हणतोय. एवढ्या जवळ यायलाच नको होती ती.’ त्याने अर्धा खाल्लेला रोल बशीत परत ठेवला, आणि ही गोष्ट मोरॅगच्या अनुभवात नवीन होती. ‘खरं सांगू? बार काढल्यावर वाईट वाटलं मला. नर अजून फिरतोय वरती.’

तो खरंच फिरत होता. शेडच्या पत्र्यावरून त्याची खर्जातली हाक जायची, कुरणाकडे विरायची आणि वळून परत यायची. मोरॅगने मादीची मान उचलून बोटांनी मागची पिसं विस्कटली. चीर कुठे द्यायची ते ठरवताना ती नेहमी तसं करायची. तीन पिसं बाकीच्यांशी फटकून, आडवी वाढलेली होती. तिने ती बाजूला केली. खाली कातड्यावर कवटीच्या तळापासून वर गेलेला एक बारीक, फिका वण होता, आणि वणाच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या दोन रांगा.

‘डुगल, इकडे ये. हे काय आहे सांग.’

तो चीज रोल हातात घेऊन वाकला. ‘काटेरी तारेत अडकली असणार. जुनं आहे, भरलंय छान.’

‘तार अशी कापते? ठिपके बघ.’

‘तारेलाही काटे असतातच की.’ त्याने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. ‘मोरॅग, झोपतेस का गं तू नीट? उद्या कर्स्टी येतेय ना? येऊ दे. तिचं ऐक. कोणी तुला नावं ठेवणार नाही. मी तर ठेवणारच नाही.’

तो गेल्यावर तिने दार लावून घेतलं. दिवा जवळ ओढला, चष्मा पुसला. ठिपक्यांच्या रांगा एकमेकींसमोर नव्हत्या, किंचित सरकलेल्या होत्या, आणि सरकल्या होत्या त्या डावखुऱ्या हाताने सरकाव्यात तशा. टाक्यांमधलं अंतर तिच्या करंगळीच्या नखाच्या अर्ध्याएवढं, तिच्या सवयीचं. हेही एक वेळ तिने सोडून दिलं असतं. पण शेवटचे तीन टाके पिसांवरून गेले होते. पिसं न सारता शिवलं की ती दोऱ्याखाली दाबली जातात आणि कायमची आडवी बसतात. शिकाऊ पोर पहिल्या महिन्यात ही चूक करतं आणि दुसऱ्या महिन्यात विसरतं. मोरॅगने ती काम शिकल्यानंतर एकदाच केली होती.

मागच्या हिवाळ्यातली ती सकाळ तिच्यापुढे उभी राहिली. टेबलावर एका पॅरी मादीचं डोकं होतं, फक्त डोकं आणि मान, धड शिकाऱ्याने घरी नेऊन कधीच शिजवलं होतं. आतलं सगळं काम झालं होतं, काचेचे डोळे तेवढे बसवायचे होते, आणि ती चिरेचे शेवटचे टाके घालत होती, तेवढ्यात कुरणातून डुगलच्या हाका आल्या. रॅबचं नाव तिच्या कानावर पडलं. हात कसे चालले ते तिला कळलं नाही. तीन टाके भसाभसा, पिसांवरूनच, मग गाठ, आणि ती धावली. डनेडिनहून परत आली तेव्हा टेबलावर ते डोकं नव्हतं. तिने खुशाल जेटवर आळ घेतला, आणि त्या दिवसांत एका बदकाच्या डोक्याची फिकीर करायला तिला सवडही नव्हती.

चहाची कपबशी विसळावी, बाहेर जाऊन हवा खावी आणि मग पुन्हा बघावं, असं तिने ठरवलं आणि तसंच केलं. गवतावर दहिवर होतं, सलगमच्या शेतात मेंढरं चरत होती, खिडकीत रॅबचं डोकं दिसत होतं. सगळं जागच्या जागी होतं. ती आत आली. वणही जागच्या जागी होता.

मग तिने ब्लेड घेतलं आणि वणाच्या रेघेवरूनच चीर दिली. कातडं सुटताना आतल्या बाजूला एक बारीकशी गाठ निघाली, पिवळी पडलेली, मेणकट. तिने ती चिमट्यात धरून नाकाशी नेली. वास गेल्यासारखाच होता, पण होता पुदिन्याचा.

कवटी बाहेर आली तेव्हा तिचा मागचा भाग चौकोनी कापलेला होता, ती नेहमी कापते तसा, आणि आत मेंदू नव्हता. माती होती. राखाडी, कोरडी, हाताने दाबून भरलेली माती. तिने एक पापणी उचलली. खोबणीत तीच माती होती आणि काचेच्या डोळ्यासाठी अंगठ्याने केलेला खोलगा तसाच रिकामा होता. त्या खोलग्यात अंगठ्याच्या ठशाच्या बारीक रेषा उमटल्या होत्या, आणि त्यांना छेद देणारी एक आडवी रेघ होती. लहानपणी बापाच्या सुरीने कापलेल्या आपल्या डाव्या अंगठ्याकडे मोरॅगने पाहिलं नाही. तो पाहण्याची गरज नव्हती.

मानेखाली मात्र ताजं रक्त होतं, मांस होतं, पिवळी चरबी होती. गळ्यात सकाळचं क्लोव्हर होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. आपलं डोकं फिरलंय असंही वाटायला हवं होतं, आणि तसं ते क्षणभर वाटलंही. वर्षभर एका न बोलणाऱ्या माणसाबरोबर राहिलेल्या बाईला काय काय दिसू शकतं ते तिने मासिकात वाचलं होतं. पण स्टुलावर बसल्या बसल्या तिच्या पोटातून हळूहळू जे वर आलं ते भय नव्हतं. ती आशा होती, आणि इतक्या महिन्यांत तिची सवय मोडल्यामुळे मोरॅगला ती आधी ओळखूच आली नाही. मातीने भरलेलं, बिनडोळ्यांचं डोकं घेऊन ही बाई कुठून तरी परत आली होती. कुणीतरी पुढून हाका मारत होतं, तेवढ्या आधारावर.

पत्र्यावरून नर पुन्हा ओरडत गेला.

आणि मग तिला फार लाज वाटली. सुरुवातीचे महिने ती रॅबशी दिवसभर बोलायची. उत्तर येत नाही म्हटल्यावर बोलणं आटत गेलं. आता ती त्याला हात वर कर, तोंड उघड, पाय उचल, एवढंच म्हणत असे, आणि तेही मेंढराला म्हणावं तसं. त्याला कुणी हाक मारत नव्हतं. तो कुठे असेल तिथे त्याच्या पुढे नुसती शांतता होती.

तिने हात धुतले, घरात गेली आणि खिडकीपाशी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

‘रॅब,’ ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. ‘रॅब रेनी, इकडे. मी इथे आहे. आज मोसम उघडलाय आणि तू घरात बसलायस, गावात तोंड दाखवायला जागा नाही राहिली मला. डुगलने आपली माईमाई बळकावलीय. त्याचा नेम अजून तसाच आहे, पण बढाया तुझ्याहून मोठ्या झाल्यात. ऐकतोयस? इकडे, माझ्या आवाजाकडे ये.’

ती दुपारभर बोलली. कुरणाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात अजून पाणी साचतं, हे तिने सांगितलं. लग्नाआधी त्याने तिला इन्व्हरकार्गिलच्या नाचाला नेलं आणि मेंढ्यांच्या औषधाचा वास येणारे बूट घालून आला, याचा तिने इतक्या वर्षांनी राग काढला. घसा बसला तेव्हा पाणी प्यायली आणि पुन्हा त्याचं नाव घेतलं. रॅब खिडकीबाहेर बघत होता, किंवा त्याचे डोळे त्या बाजूला होते. काहीही झालं नाही. रविवारी सकाळी तिने पुन्हा तेच केलं.

कर्स्टी आली तेव्हा आई बसक्या आवाजात बाबाला मेंढरांचे भाव सांगत होती. तिने दारात उभं राहून थोडा वेळ ऐकलं. मग कोट काढला, आईला स्वयंपाकघरात नेलं आणि टेबलापाशी बसवलं.

‘आई, उद्या फोन करायचाय त्यांना.’

‘माहितीय.’

‘मग?’

‘नाही म्हणून सांग.’

कर्स्टीने डोळे मिटून घेतले. ‘मागच्या वेळी आपलं जवळजवळ ठरलं होतं. तूच म्हणालीस की तुला होत नाही आता. काय बदललं मधल्या पंधरा दिवसांत?’

शेडमध्ये चल, तुला एक डोकं दाखवते, असं मोरॅग म्हणू शकली असती. पण मग सोमवारी त्या सेवागृहात दोन जागा विचाराव्या लागल्या असत्या. ‘मी त्याला हाका मारणं बंद केलं होतं,’ ती म्हणाली. ‘आता पुन्हा सुरू केलंय. थोडे दिवस मारू दे.’

‘आई, बाबा तिथे नाहीये गं.’ कर्स्टीने टेबलावरून आईचा हात धरला. ‘मी पण वाट पाहिली. मला पण हवाय तो. पण खुर्चीत जे आहे ते… तो कधीच गेलाय. त्याच दिवशी गेला.’

‘गेलाय ना? मग येईल. गेलेलाच परत येतो. मेलेल्याचं मी म्हणत नाही.’

‘अशी कोड्यात बोलू नकोस माझ्याशी.’

‘तुला चीज रोल करता येतात का अजून, की डनेडिनला जाऊन विसरलीस? पाव तिथे आहे. कर. मला एक काम संपवायचंय.’

कर्स्टी रागावली की कामाला लागायची. त्या बाबतीत ती आईवर गेली होती. पाव, चीज, कांद्याच्या सुपाची पूड काढल्याचे आवाज यायला लागले, तसे मोरॅगने शेडमधून ते डोकं आणि सुई-दोरा आणला. आपण असं का करतोय हे तिला नीट सांगता आलं नसतं. घरात बदकाचं काम आणायचं नाही, हा तिचाच नियम होता. पण डुगलला दुसरी पॅरी मिळाली असती, आणि हिला भिंतीवर ठोकायचं नाही, एवढं तिचं पक्कं झालं होतं. आतली माती तिने काढली नव्हती. कवटी होती तशी आत सारून ती खिडकीच्या उजेडात, रॅबच्या शेजारी बसून चीर शिवायला लागली, या वेळी एकेक पीस हाताने बाजूला करत, आणि शिवता शिवता बोलत राहिली.

‘हे बघ, मागच्या खेपेला घाई झाली होती माझी. तू पडलास ना, तेव्हाची ही. तीन टाके चुकले. आता नीट घालते. पुदिन्याचाच दोरा आहे, हस काय हसायचं ते. रॅब, इकडे. इकडे ये रे, राजा.’

शेवटचा टाका ओढून तिने गाठ मारली. दोरा दाताने तोडायला मान वळवली तेव्हा तिला दिसलं की रॅबचं डोकं खिडकीकडे नाही. ते तिच्या मांडीकडे वळलं होतं. तो त्या पांढऱ्या डोक्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे या वेळी पोचत होते. ओठ दोनदा नुसतेच हलले. मग आवाज आला, गंजलेल्या बिजागरीचा असावा तसा, पण रॅबचाच.

‘ही पोचली होय,’ तो म्हणाला.

मोरॅगच्या हातातली सुई खाली पडली. स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला.

‘माझ्या पुढेच होती ही,’ रॅब सांगू लागला, थांबत, एकेक शब्द जड वस्तूसारखा उचलत. ‘काही दिसत नव्हतं तिथे. हिच्या पंखांचा आवाज यायचा तेवढाच. मग ती वळली, मी पण वळलो. मग मध्येच आवाज बंद झाला. मी थांबलो.’ त्याने मान उचलून बायकोकडे पाहिलं, आणि मोरॅगला त्या नजरेत तो सापडला, लग्नाआधीच्या नाचातला, वास मारणाऱ्या बुटांतला, तोच. ‘तेवढ्यात तू बोलायला लागलीस.’

ती रडत होती आणि हसत होती आणि त्याचा हात तिने इतका घट्ट धरला होता की त्याला दुखत असणार. कर्स्टी दारात आली होती. तिच्या हाताला चीज लागलेलं होतं, तिने तोंडावर हात ठेवला तेव्हा ते गालाला लागलं आणि तिला कळलंही नाही. ‘बाबा,’ ती म्हणाली, आणि तो तिच्याकडे बघून म्हणाला, ‘बारीक झालीस.’ तशी ती जमिनीवर बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी मोठ्याने रडली. उद्याच्या फोनचं त्यानंतर कुणीच नाव काढलं नाही.

मोरॅगने त्याला चहा दिला. कप त्याने स्वतः धरला. थोडा चहा सांडला, आणि तो सांडलेला चहा बघताना तिला जे सुख झालं ते तिला आयुष्यात दुसऱ्या कशाने झालं नव्हतं. बाहेर ऊन पडलं होतं. पाणथळीवर दुपारची बदकं उतरायला लागली होती, थव्यामागून थवे, कुठल्याच मोसमात कधी पाहिले नव्हते इतके, आणि त्यांतली बरीचशी अगदी गप्प उडत होती.

पाणथळीवर दोन बार झाले. रॅबने दचकून कप खाली ठेवला.

‘मोरॅग,’ तो हळूच म्हणाला, ‘त्यांना जरा थांबायला सांग. त्या बदकांच्या मागून येणारे बाकीचे अजून वाटेत आहेत.’